सौदी अरेबिया, नुसतं बघायला: रियाध, अल-उला, जेद्दा

सौदीला जातोय म्हटल्यावर ज्याने त्याने एकच विचारलं, "कोण आहे तिकडे नोकरीला?" कोणीच नाही, नुसतं बघायला जातोय, हे लोकांना पटेना. साहजिकच आहे. हज-उमरा, नोकरी नाहीतर धंदा, याखेरीज परक्या माणसाला या देशाचं दार जवळजवळ बंदच होतं. सप्टेंबर २०१९मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला, पाठोपाठ कोविड आला, आणि खरी वर्दळ सुरू झाली ती त्यानंतर.

मी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, दोघीच गेलो. वन्सं निवृत्त शिक्षिका, शाळेत इतिहास शिकवायच्या. अल-उलाजवळच्या हेग्राची, दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेली थडगी बघायची हे त्यांनी फार दिवसांपासून मनात धरलं होतं. दोघींचीही मुलं अमेरिकेत असल्याने पासपोर्टवर तिकडचा व्हिसा होता, त्यामुळे सौदीचा ऑनलाइन मिळाला. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा वापरलेला व्हिसा नसेल तर व्हिसा केंद्रात अर्ज करावा लागतो. नियम बदलत असतात, तिकिटं काढायच्या आधी सरकारी संकेतस्थळ जरूर पाहा.

बॅग भरताना एक गोष्ट विसरू नका: खसखस. सौदीत तिच्यावर बंदी आहे आणि गंमतीने घ्यायची ही बाब नाही. खसखस लावलेले अनारसे, खसखस घातलेले लाडू, मसाल्याची पुडी, सगळं घरी ठेवा. नेहमीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

बुधवार, रियाध

पासपोर्टच्या खिडकीत काळ्या नकाबातली तरुण मुलगी बसली होती. फक्त डोळे दिसत होते. बोटांचे ठसे घेताना वन्संचा अंगठा काही केल्या उमटेना, तेव्हा तिने काचेखालून हात बाहेर काढून त्यांचा अंगठा स्वतःच्या हाताने नीट दाबून धरला. "पहिल्यांदाच?" तिने इंग्रजीत विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाली, "अल-उलाला नक्की जा. मी अजून नाही गेले, मला जायचंय." आम्ही पुढे जे जे पाहिलं, त्यात हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटत राहिलं. हा देश आपल्यासाठी जितका नवा आहे, तितकाच तिथल्या लोकांसाठीही आहे.

बाहेर पाऊस पडत होता. जानेवारीतलं रियाध चांगलंच गार असतं. आम्ही स्वेटर वर काढून ठेवले होते म्हणून निभावलं. रात्री बथा भागात गेलो. तिथे मल्याळी खानावळींची रांगच आहे, वन्संच्या शाकाहाराची काळजी तिथेच मिटली. डोसा, पोरोटा, कडक चहा, आणि बिल अगदी हलकं. आम्ही गेलो तेव्हा रियाल साधारण २३ रुपयांना पडत होता.

गुरुवार, मस्मक आणि दिरिया

रियाधची मेट्रो डिसेंबर २०२४मध्ये सुरू झाली. सहा मार्ग, १७६ किलोमीटर, चालकाविना धावते. चार रियालच्या तिकिटात दोन तास कुठेही फिरा. कुटुंबांसाठी वेगळा डबा असतो, दोघी बायकांना तो बरा. ज्या शहरात गाडीशिवाय पान हलत नव्हतं, तिथे शाळकरी मुली दप्तरं घेऊन मेट्रोतून जाताना पाहून फार बरं वाटलं.

मस्मक हा मातीच्या विटांचा किल्ला. १९०२ साली अब्दुल अझीझ यांनी मोजक्या साथीदारांनिशी छापा घालून तो जिंकला आणि आजच्या राज्याची सुरुवात झाली. दारात अडकलेलं भाल्याचं टोक आजही दाखवतात. तासाभरात बघून होतो.

दिरियाला मात्र संध्याकाळ पूर्ण द्या. वादी हनीफाच्या काठावर पहिल्या सौदी राज्याची ही राजधानी. १८१८मध्ये इब्राहिम पाशाच्या ऑटोमन फौजेने ती उद्ध्वस्त केली. तिथला अत-तुरैफ भाग २०१०पासून जागतिक वारसा यादीत आहे. भिंतींना वरच्या बाजूला ओळीने तिकोनी भोकं असतात. हवा खेळावी, उजेड यावा आणि आतलं बाहेर दिसू नये, यासाठी. सूर्य कलल्यावर त्या भोकांतून पलीकडच्या भिंतीवर उन्हाचे तिकोन पडतात आणि बघता बघता वर सरकत जातात. आम्ही दोघी एका ओट्यावर बसून तेच बघत राहिलो. समोरच्या बुजैरी टेरेसवरची उपाहारगृहं झकपक आणि महाग आहेत. तिथे गहू आणि ताकाचा जरीश मिळतो. तो २०२३पासून सौदीचा राष्ट्रीय पदार्थ आहे. चवीला आपल्या खिमटाच्या वाटेने जाणारा, पण बहुतेक ठिकाणी मटणाच्या पाण्यात शिजवतात, शाकाहारी मंडळींनी विचारूनच मागवा.

कपड्यांबद्दल सगळ्या मैत्रिणी विचारतात म्हणून इथेच सांगते. परदेशी बायकांना अबाया, म्हणजे पायघोळ झगा, सक्तीचा नाही. आम्ही सैल, पूर्ण बाह्यांचे पंजाबी ड्रेस आणि ओढणी एवढंच वापरलं. टिकली होती, मंगळसूत्र होतं, वन्संच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. कोणी वावगं बोललं नाही. दुसऱ्या धर्माची सार्वजनिक उपासना मात्र तिथे चालत नाही. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

शुक्रवार, जगाचं टोक

शुक्रवार-शनिवार तिथली साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत शहर झोपलेलंच असतं, म्हणून आम्ही गाडी करून वायव्येला, जगाचं टोक म्हणतात त्या कड्यांकडे गेलो. रियाधपासून सुमारे ९० किलोमीटर. शेवटचा पट्टा नुसता दगडधोंड्यांचा, तिथे फोर बाय फोरच हवी. साधी भाड्याची गाडी नेऊ नका.

तुवैक डोंगराची धार तिथे एकदम तुटते आणि खाली जवळजवळ ३०० मीटरवर सपाट वाळवंट सुरू होतं. कठडा नाही, दोरी नाही. हे सगळं एके काळी समुद्राच्या तळाशी होतं, दगडांत शिंपल्यांचे ठसे बोटाने चाचपता येतात. बुधवारच्या पावसाने घळींत पाणी साचलं होतं आणि काटेरी झुडपांच्या बुंध्याशी हिरवळ फुटली होती.

पाऊस पडला की सौदी माणूस घरात थांबत नाही, हे तिथे कळलं. कुटुंबंच्या कुटुंबं सतरंज्या, शेगड्या, किटल्या घेऊन आली होती. एका सतरंजीवरून आम्हाला हाक आली. आजी, दोन सुना, चारपाच मुलं आणि मोठी नात, कॉलेजात शिकणारी. निखाऱ्यावर दल्ला, म्हणजे लांब चोचीची किटली. कहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायची रीत ठरलेली: दल्ला डाव्या हातात, फिंजान, म्हणजे छोटा पेला, उजव्या हातात, आणि घेणाऱ्यानेही उजव्या हातानेच घ्यायचा. फिंजान तळाशी दोन घोट भरेल एवढाच भरतात. रंग काळा नव्हे, फिकट सोनेरी. वेलदोड्याचा घमघमाट, साखर अजिबात नाही. आधी सुक्करी खजुराचा लुसलुशीत तुकडा आणि त्यावर कडवट घोट. रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे असेल तर फिंजान हलकेच हलवायचा. हे नातीने दाखवेपर्यंत वन्संचे बरेच झाले होते.

आजींनी वन्संचा हात हातात घेतला आणि बांगड्या एकेक करून फिरवून पाहिल्या. नातीकरवी विचारलं, "झोपताना काढता का?" नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या मनगटातली सोन्याची जाड बांगडी पुढे केली. त्यांची लग्नापासूनची, तीही कधी न काढलेली. मग दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलत होत्या आणि कोणाला दुभाष्याची गरज पडली नाही.

निघताना ती नातच भल्यामोठ्या गाडीच्या चाकामागे बसली. २४ जून २०१८पासून बायकांना तिथे गाडी चालवता येते. ती म्हणाली, "परवाना मिळाल्यावर सगळ्यात आधी आजीला फिरवून आणलं. इथे आम्ही सगळेच पहिल्यांदा आलोय." मला तिचं कौतुक वाटलं. त्याच वेळी हेही आठवलं, की ज्या बायकांनी या हक्कासाठी आवाज उठवला, त्यांतल्या काहींना बंदी उठण्याच्या आधीच्याच महिन्यात अटक झाली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिथे फिरताना दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात. राजकारण, राजघराणं, धर्म यांवर सार्वजनिक ठिकाणी किंवा समाजमाध्यमांवर काही लिहू-बोलू नका. याचे परिणाम तिथे गंभीर होतात.

शनिवार, अल-उला

विमानाने दोन तासांच्या आत अल-उला. खाली तांबडे उभे खडक आणि मधोमध खजुरांची हिरवी पट्टी. संत्री-मोसंब्यांचे मळे आहेत, जानेवारी हा त्यांचा हंगाम. रस्त्याकडेच्या गाडीवर घेतलेली संत्री इतकी गोड होती की रात्रीचं जेवण आम्ही त्यांच्यावरच भागवलं.

जुनं गाव म्हणजे मातीची शेकडो घरं, भिंतीला भिंत लागून. शेवटचे रहिवासी १९८०च्या दशकात नव्या वस्तीत गेले. आता खालच्या गल्लीत दुकानं आणि कॅफे सजले आहेत. ते ठीक आहे, पण मला अजून न सजवलेल्या वरच्या गल्ल्या आवडल्या. खजुराच्या खोडांची छतं, कोनाडे, काजळी धरलेल्या चुली. एक म्हातारे गृहस्थ आपल्या नातवंडांना एका दारासमोर उभं करून काहीतरी सांगत होते. सोबतच्या गाईडने सांगितलं, ते त्यांचंच घर.

संध्याकाळी हत्तीचा खडक. ५२ मीटर उंच, खरोखरच सोंड टेकवून उभा. गर्दी असते, पण सूर्यास्त चुकवू नका. रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला. कानटोपी न्याच.

रविवार, हेग्रा

ज्यासाठी आलो तो दिवस. हेग्रा, म्हणजेच मदाइन सालेह. २००८मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेलं सौदीतलं पहिलं ठिकाण. खाजगी गाडी आत जात नाही, त्यांच्याच बसने जावं लागतं. तिकीट शंभर रियालच्या आसपास, वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढा. हिवाळ्यात सकाळच्या फेऱ्या लवकर भरतात. बसबरोबर रावी असतात, म्हणजे गोष्ट सांगणारे. आमची रावी पंचविशीतली, अल-उलाचीच. तिथल्या मुलामुलींना सरकारने शिष्यवृत्त्या देऊन बाहेर शिकायला पाठवलं, त्यांतली ही फ्रान्सला जाऊन आलेली. बसमधल्या फ्रेंच जोडप्याशी ती सफाईने फ्रेंच बोलत होती.

वाळूत सुटे सुटे डोंगर उभे आहेत आणि त्यांच्या अंगावर थडगी कोरलेली. एकूण १११ मोठी थडगी, त्यांतली बरीचशी इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. कोरणारे नबाती लोक, ज्यांची राजधानी जॉर्डनमधलं पेट्रा. धूप आणि मसाल्यांच्या व्यापारावर गबर झालेले. १०६ साली रोमने त्यांचं राज्य गिळलं. दर्शनी भागांवर माथ्याला पायऱ्या, खाली दार, काहींच्या दारावर गरुड, काही ठिकाणी साप. जवळ गेल्यावर छिन्नीचे घाव दिसतात, तिरके, एका मापाचे, कालच मारल्यासारखे.

कसर अल-फरीद हे सगळ्यात प्रसिद्ध, एकट्या खडकात एकटंच. ते अर्धवट राहिलंय आणि म्हणूनच त्यातून सगळं कळतं. वरचा भाग गुळगुळीत पूर्ण झालेला, खाली येता येता घाव खडबडीत होत जातात. काम वरून खाली केलेलं. वेरूळचं कैलास लेणंही असंच वरून खाली कोरलेलं, हे वन्संनी रावीला सांगितलं आणि फोनवर फोटो दाखवला. मग मात्र दोघींची अशी गट्टी जमली की बसमधले बाकीचे आमच्याभोवती गोळा झाले.

रावीने एका थडग्यावरचा लेख वाचून दाखवला. कमकम नावाच्या बाईने आणि तिची मुलगी कुलैबत हिने हे थडगं स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी करवून घेतलं, जो कोणी ते विकेल किंवा दुसऱ्याला आत पुरेल त्याला देवांचा शाप. बाईच्या नावावर मालमत्ता, दोन हजार वर्षांपूर्वी. हे सांगताना त्या मुलीच्या आवाजात अभिमान होता. वन्सं म्हणाल्या, "आमच्याकडे नाणेघाटात नागनिका राणीचा लेख आहे, साधारण त्याच सुमाराचा." नाणेघाट ही कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी व्यापाराची वाट. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणांत नबात्यांचा राजा मलिकस येतो आणि त्याच टिपणांत पुढे सोपारा, कल्याण, पैठण आणि तेरही येतात. वन्संनी आयुष्यभर वर्गात शिकवलेलं ते सगळं त्या वाळूत उभं राहून पुन्हा सांगितलं, आणि रावी वहीत टिपून घेत होती.

मी तिला विचारलं, लहानपणी यायचीस का इथे? ती म्हणाली, "आजी येऊ द्यायची नाही." इस्लामी परंपरेनुसार ही समूद लोकांची भूमी. सालेह पैगंबरांची सांडणी त्यांनी मारली आणि त्यांच्यावर कोप झाला. अशा जागी रेंगाळू नये, रडत आणि घाईने पुढे जावं, असं श्रद्धाळू मानतात. त्यामुळे वर्षानुवर्षं स्थानिक लोकही इकडे फिरकत नसत. २०२०मध्ये हेग्रा पर्यटकांसाठी खुलं झालं. आता तिची आजी काय म्हणते? "म्हणते, नोकरी कर, पण तिथे जेवू नको." ती खरंच दिवसभर तिथे काही खात नाही, बसमध्ये परतल्यावरच डबा उघडते. आजीचा शब्द आणि आपलं काम दोन्ही तिने नीट सांभाळलंय, याचं मला फार मोल वाटलं.

सोमवार, ददान आणि इकमा

नबात्यांच्याही आधीच्या ददान शहराची, सिंह कोरलेली थडगी उंच कड्यावर आहेत, खालून दुर्बिणीने बघावी लागतात. इकमाच्या घळीत मात्र डोळ्यांसमोर शेकडो शिलालेख आहेत: नवस, दानं, पिकासाठी प्रार्थना. २०२३मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात त्यांची नोंद झाली. बहुतेक लोक हे गाळून आरशांच्या मराया सभागृहाकडे फोटोला जातात. वेळ कमी असेल तर मराया गाळा, इकमा बघा.

मंगळवार-बुधवार, जेद्दा

जेद्दाला उतरलो आणि मुंबईची दमट हवा लागली. शहर रियाधपेक्षा मोकळंढाकळं. समुद्रकाठी मुली सायकली चालवत होत्या, बायका-पुरुष एकत्र कॅफेत बसले होते.

अल-बलद हा जुना भाग २०१४पासून वारसा यादीत आहे. तांबड्या समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांची चारपाच मजली घरं आणि त्यांना लाकडी कोरीव सज्जे, रौशन म्हणतात. बरंचसं लाकूड बाहेरून समुद्रमार्गे आलेलं, त्यात सागवानही. नसीफ घरासमोर मोठा कडुलिंब आहे. जुन्या जेद्दात एके काळी एवढं एकच झाड होतं असं सांगतात. वन्संनी पाला चुरगळून वास घेतला.

जेद्दाच्याच धक्क्यावर मुंबईहून हाजींच्या बोटी लागायच्या. १९९५पर्यंत ही सागरी यात्रा चालू होती. गल्लीतल्या एका अत्तराच्या दुकानात आमचं बोलणं ऐकून गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "ताई, पुण्याच्या का हो?" ते कोकणातल्या खेडचे. त्यांचे वडील त्याच बोटीने हजला आले होते, आणि हे तरुणपणी नोकरीला आले ते इथेच राहिले. त्यांनी चहा मागवला, दुकान सोडून बाहेर आले, आणि शेजारच्या अफगाणी भट्टीवरून गरम तमीस रोटी व फुल मुदम्मस आणवलं. वालासारखे बाकल्याचे दाणे शिजवून घोटलेले, वर तेल, जिरं, टोमॅटो. वन्सं पोटभर जेवल्या. केळ्याचा मुतब्बक, म्हणजे सारण भरलेली घडीची पोळी, तीही त्यांनीच खायला लावली.

ते सांगत होते, "आधी अजान झाली की शटर खाली. गिऱ्हाईक आत असेल तर आतच अडकायचं. आता तसं नाही. गोरे लोक येतात, सौदी पोरीही एकट्या येतात. धंदा चांगला आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण घर रिकामं झालं." परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे २०१७मध्ये महिन्याला १०० रियाल कर लागला, तो दरवर्षी वाढत ४००वर गेला. बायको आणि तीन मुलांचा हिशेब त्यांच्या पगारात बसेना. सगळ्यांना खेडला पाठवून ते आता एका खोलीत चौघांबरोबर राहतात. कोकणातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट. ज्यांनी ही शहरं उभारली, चालवली, त्यांच्यासाठी दार अरुंद होत असताना आमच्यासारख्यांसाठी ते उघडतंय. मला हे खुपलं, आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही खेडला जाल तेव्हा घरी जा. पत्ता देतो."

मक्केत मुस्लिमांखेरीज कोणाला प्रवेश नाही. मदिना शहरात जाता येतं, मशिदीच्या परिसरात नाही. जेद्दाहून टॅक्सी करताना मार्ग नीट सांगा.

परतीचं विमान उमरा करून येणाऱ्यांनी भरलेलं होतं. शेजारी मालेगावच्या एक बाई, पांढऱ्या ओढणीत. त्यांनी मदिनेचे फोटो दाखवले, मी हेग्राचे. समूदची जागा म्हटल्यावर त्या सावरून बसल्या. थडगी पटापट पुढे सरकवली, पण संत्र्यांच्या मळ्यापाशी आणि जुन्या गावापाशी थांबल्या. "हे कुठलं? आम्हाला जाता येतं का?" येतं. उमरा व्हिसावर आता सगळ्या सौदीत फिरता येतं, आणि जेद्दाहून अल-उलाला थेट विमान आहे, दीड तासाच्या आतलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, राहायची सोय दोनतीन महिने आधी करा, तिथे हॉटेलं कमी आणि महाग आहेत, शेतांतली छोटी घरं स्वस्त पडतात. हे सगळं मी त्यांच्या बोर्डिंग पासच्या मागे मराठीत लिहून दिलं. त्यांची लेक बारावीला आहे, परीक्षा झाली की पुढच्या हिवाळ्यात तिला घेऊन जाणार म्हणाल्या.